डोकेदुखीची गोळी आणि गॅसचं औषध: आठव्या महिन्यातल्या एका मागणीचं प्रकरण

शनिवारची रात्र, साडेआठची वेळ. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावात, मेडिकलच्या काउंटरवर पन्नाशीचा एक माणूस दोन वस्तू मागतो. "ताई, पोरीचं डोकं लई दुखायलंय. ती नेहमीची गोळी द्या. अन् गॅसचं पातळ औषध एक." दोन्हीचं मिळून बिल फार मोठं होणार नाही. मागे चार गिऱ्हाइकं उभी आहेत, त्यातल्या एकाच्या हातात सुट्टे पैसे तयार आहेत.

हे प्रकरण डी. फार्म.च्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासाठी रचलेलं आहे. यातलं कुणीही अमुक एक व्यक्ती नाही. औषधं, मात्रा आणि वाटेतले अडथळे मात्र खरे आहेत. गावाकडे मेडिकल चालवणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

दुकान नवराबायकोचं आहे. परवाना बायकोच्या नोंदणीवर, आणि विशेष म्हणजे त्या स्वतः काउंटरवर असतात. हे 'विशेष' लिहावं लागतं, कारण अनेक दुकानांत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि गोळ्या देणारा पोरगा बारावी झालेला असतो. मुलगी त्यांच्या ओळखीची. कॉलेजात असताना तिला मायग्रेनचा त्रास होता आणि एर्गोटामाइन असलेल्या गोळीची पट्टी ती याच दुकानातून न्यायची. त्यामुळे "नेहमीची" म्हणजे कोणती, हे विचारायची गरजच नव्हती. या प्रकरणातला पहिला धोका नेमका या ओळखीतच होता.

त्यांनी पट्टी काढली नाही. आधी विचारलं, "पोरगी कधी आली?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. बाळंतपणाला आणलीय. आठवा लागलाय."

फोनवर काय कळलं

फार्मासिस्टनी गॅसचं औषधही खाली ठेवलं आणि मुलीला फोन लावायला सांगितलं. बापाला विचारून भागलं नसतं. बापाला एवढंच माहीत होतं की पोरगी दोन दिवस नीट जेवलेली नाही आणि डोक्याला रुमाल बांधून पडून आहे. फोन घेऊन त्या दुकानाच्या आतल्या बाजूला गेल्या. गिऱ्हाइकांसमोर पोटातल्या बाळाबद्दल बोलायला कोणतीही मुलगी संकोचते, आणि संकोचलेलं उत्तर अर्धवट असतं.

वय चोवीस, पहिलंच बाळंतपण, तेहतीस आठवडे पुरे झालेले. डोकं दोन दिवसांपासून दुखतंय. पॅरासिटामॉलच्या तीन गोळ्या दिवसभरात झाल्या, तेवढ्यापुरतं कमी होतं आणि परत सुरू. डोळ्यांपुढे मधूनच चमकल्यासारखं होतं. "ते माझ्या मायग्रेनमध्ये पण व्हायचं ताई," असं ती स्वतःच म्हणाली. पोटात वर, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तो गॅस असावा. पाय तर सगळ्यांचेच सुजतात, असं आई म्हणाली.

प्रत्येक तक्रारीला घरात एक उत्तर तयार होतं, आणि सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक उत्तर पटण्यासारखंही होतं. मायग्रेनवालीला मायग्रेनच होणार. आठव्या महिन्यात जळजळ कुणाला होत नाही? पण विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, नजरेत चमक आणि बरगडीखाली दुखणं एकत्र आलं, की रक्तदाबाचा गरोदरपणातला विकार, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया, आधी धरायचा आणि मायग्रेन नंतर. बरगडीखालचं दुखणं पोटाचं नसतं, यकृताचं असतं. डॉक्टरांकडे रुग्ण एकच तक्रार घेऊन जातो. मेडिकलवर मात्र घरातल्या सगळ्या तक्रारी एकाच यादीत येतात, त्याही औषधांच्या नावांनी. इथे डोकेदुखीची गोळी आणि गॅसचं औषध एकाच माणसाने, एकाच मुलीसाठी मागितलं होतं. यादी नीट वाचली तर निम्मं निदान काउंटरवरच होतं.

फार्मासिस्टनी दोन गोष्टी आणखी विचारल्या. पूर्वीचं दुखणं आणि आताचं एकसारखं आहे का? नाही. पूर्वी एका बाजूला ठणकायचं, उलटी व्हायची, अंधारात झोपलं की अर्ध्या दिवसात उतरायचं. आता पूर्ण डोकं, कपाळ, सलग दोन दिवस. आणि मग विचारलं, "सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? पट्ट्या समोर घे आणि वाचून दाखव."

रक्तवाढीची लाल गोळी. कॅल्शियम. रात्री ॲस्पिरिन दीडशे मिलिग्रॅम. आणि एक रिकामी पट्टी, जी तिने टाकून न देता पर्समध्ये ठेवली होती, दाखवून नवी आणायला म्हणून: लॅबेटालॉल शंभर मिलिग्रॅम. "ती चार दिवसांपूर्वी संपली. इथे दोन दुकानांत मिळाली नाही. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात चाकणला दाखवायचंच आहे."

संपलेली पट्टी

नवरा चाकणच्या कारखान्यात, म्हणून तपासण्या सगळ्या चाकणला. एकोणीस दिवसांपूर्वी तिथल्या डॉक्टरांना प्रेशर वाढलेलं दिसलं, त्यांनी लॅबेटालॉल दिवसातून दोनदा लिहून दिली, तीस गोळ्या, म्हणजे पंधरा दिवसांच्या. दोन आठवड्यांनी या, असं फाइलवर लिहिलं. दुसऱ्याच दिवशी मुलगी माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आहे. त्यात चूक काही नाही, पण आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने बघितलं तर अगदी जोखमीच्या आठवड्यांत बाई एका नोंदवहीतून उठते आणि दुसऱ्या नोंदवहीत अजून बसलेली नसते. चाकणच्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव होतं, इथल्या आशाताईंच्या यादीत नव्हतं. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत होतं, पण ते कुणी कुणाला दाखवलेलं नव्हतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी गेली असती तर प्रेशर कळलं असतं. माहेरपणाच्या गडबडीत तीही तारीख गेली.

ॲस्पिरिन का चालू होती, तेही फाइलच्या फोटोतून कळलं. मुलीच्या आईला पहिल्या खेपेला प्रेशरचा त्रास झाला होता, आणि मुलीचीही ही पहिलीच खेप. अशा दोन गोष्टी जुळल्या की बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करतात, प्री-एक्लॅम्पसियाची शक्यता घटावी म्हणून. म्हणजे चाकणच्या डॉक्टरांनी धोका आधीच ओळखला होता. तो धोका एस.टी.त बसून बीड जिल्ह्यात आला आणि इथे कुणाला त्याची खबर नव्हती.

लॅबेटालॉल दोन दुकानांत का मिळाली नाही, याचं उत्तर साधं आहे. लहान गावात ती खपत नाही. प्रेशरच्या गोळ्या म्हणून रोज खपतात त्या टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन. लॅबेटालॉल मागवली तर एखादीच पट्टी जाते, बाकीची मुदत संपेपर्यंत फळीवर. दुकानदाराच्या बाजूने हा हिशेब चुकीचा नाही. पण "नाही" एवढंच सांगून गिऱ्हाईक परत पाठवणं, आणि "आमच्याकडे नाही, उद्या दुपारपर्यंत बीडहून मागवतो, पण एकही दिवस खंड पडू देऊ नका" असं सांगणं, यात फरक आहे. ही गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, कारण तिचा परिणाम काही तासांत ओसरतो. चार दिवस तर फारच झाले.

काय दिलं नाही

पाठ्यपुस्तकात फार्मासिस्टचं काम 'योग्य औषध देणं' असं असतं. या रात्रीचं काम उलटं होतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

एर्गोटामाइन द्यायची नव्हती, हे तर उघड. ती रक्तवाहिन्या आवळते. मायग्रेनमध्ये तिचा उपयोग त्यासाठीच. पण त्यानेच रक्तदाब वाढतो आणि गर्भाशय आकुंचन पावतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जे मिथाइल एर्गोमेट्रिन टोचतात ते याच कुळातलं, आणि प्रेशर असलेल्या बाईला तेही टाळतात. चढलेल्या प्रेशरवर ही "नेहमीची" गोळी पडली असती तर पुढचं प्रकरण मी वेगळ्या शीर्षकाखाली लिहिलं असतं.

दुसरी, अंगदुखी-डोकेदुखीला सर्रास जाणारी जोडगोळी: डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅक आणि सोबत पॅरासिटामॉल, नाहीतर आयबुप्रोफेन. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये इशारा दिला की या गटातली वेदनाशामकं विसाव्या आठवड्यापासून टाळावीत, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. तिसाव्या आठवड्याच्या आसपासपासून त्याहून जुनी भीती आहेच: बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी आधीच मिटू लागते. कमी मात्रेतली ॲस्पिरिन याला अपवाद. तीही डॉक्टरांनी लिहिलेली असेल तरच.

तिसरी गोष्ट बापाने सुचवली. प्रेशरचं नाव निघाल्यावर ते म्हणाले, "मग आमच्या आईची गोळी हाय ना घरात प्रेशरची. ती देऊ का आत्ता एक?" आजीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन. या गटातली औषधं दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात, एनालाप्रिलच्या गटातलीही. बापाचा हेतू काळजीचाच होता, आणि तर्कही घरच्या माणसाला सुचेल असाच. प्रेशर वाढलंय, प्रेशरची गोळी घरात आहे, मग द्यायची. हा प्रश्न त्यांनी विचारला हे नशीब. न विचारता देणारी घरं कितीतरी असतील.

चौथी, दुकानात उपलब्ध असलेली आणि खरं तर या आजारात वापरली जाणारी निफेडिपिन. गरोदरपणात प्रेशर फारच चढलं तर दहा मिलिग्रॅम तोंडाने देतात, हे फार्मासिस्टना माहीत होतं. तरी त्यांनी ती स्वतःहून दिली नाही. चिठ्ठीशिवाय द्यायचं ते औषध नाही, हा कायद्याचा भाग झाला. दुसरा भाग असा की दिल्यानंतर प्रेशर पुन्हापुन्हा मोजावं लागतं, एकदम खाली आलं तर वारेकडचा रक्तपुरवठा घटतो, आणि ते बघायला घरात कुणी नसतं. जुन्या काळी कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत होती, ती याच कारणाने सोडली गेली.

आता पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड. पॅरासिटामॉल. गरोदरपणात चालते, चिठ्ठी लागत नाही, कुणी नाव ठेवणार नाही. "काका, ती जुनी गोळी आता चालत नाही. ही साधी द्या आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा." नव्वद टक्के चांगले फार्मासिस्ट इथवर पोचून थांबले असते, आणि आपण जबाबदारीने वागलो असं समाधानही मानलं असतं. पण पॅरासिटामॉल सुरक्षित होती म्हणून रात्र सुरक्षित होत नव्हती. डोकं थोडं उतरलं असतं, घर झोपलं असतं, आणि झटका, म्हणजे फिट, आला असता तर पहाटे. शिवाय उजाडणार होता रविवार. मुलगी दिवसभर तीच गोळी घेत होती आणि दुखणं परत येत होतं, हीच तर माहिती होती. गर्भवती बाईसाठी कोणती गोळी चालते, या यादीवर विद्यार्थ्यांची पूर्ण तयारी असते. मागणी आली म्हणजे उत्तर गोळीचंच द्यायचं असं नाही, ही तयारी कुठल्याच पेपरात तपासली जात नाही.

वीस मिनिटं

फार्मासिस्टनी बापाला काय सांगितलं, ते शब्द महत्त्वाचे आहेत. 'प्री-एक्लॅम्पसिया' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. घाबरवलंही नाही, आणि सौम्यही केलं नाही. "काका, हे मायग्रेन दिसत नाही. हे पोटातल्या बाळामुळे वाढलेलं प्रेशर असू शकतं. त्यात झटके येतात. आत्ताच दवाखान्यात न्यायचं, सकाळी नाही. गाडीवर बसवून नाही, चारचाकी बघा."

बापाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: जावयाला विचारतो. मातामृत्यूंच्या अभ्यासात तीन विलंबांची मांडणी नेहमी येते, १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन यांनी केलेली. दवाखान्यात जायचं ठरवायला लागणारा वेळ, पोचायला लागणारा वेळ आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा वेळ. रस्ते आणि रुग्णवाहिका दुसऱ्या विलंबासाठी, इस्पितळं तिसऱ्यासाठी. पहिल्यावर आशाताई सोडल्या तर फारसं कुणाचं लक्ष नसतं, आणि आशाताईंच्या यादीत ही मुलगी नव्हती. फार्मासिस्ट म्हणाल्या, "जावयांना गाडीत बसल्यावर फोन करा. मी बोलते त्यांच्याशी." वाक्य छोटं, पण अर्धा तास वाचवणारं.

ग्रामीण रुग्णालय गावातच, दोन किलोमीटरवर. शेजाऱ्याची गाडी मिळत होती, म्हणून इथल्या इथे १०८ ची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पुढे बीडला न्यावं लागलं तर ती लागणार होती, कारण तिच्यात डॉक्टर असतो आणि वाटेत झटका आला तर काही करता येतं. फार्मासिस्टनी ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रसूतिकक्षातल्या सिस्टरांना सांगितलं की तेहतीस आठवड्यांची बाई येतेय, डोकेदुखी, नजरेत चमक, प्रेशरची गोळी चार दिवस बंद. गाडी निघेपर्यंत त्यांचे यजमान दुकानातलं प्रेशरचं यंत्र घेऊन घरी गेले. बसवून, हात छातीच्या उंचीला ठेवून दोनदा मोजलं: १६४/१०८ आणि १६२/११०.

इथे वर्गात नेहमी वाद होतो. यंत्र न्यायला हवं होतं का? माझं मत, इथे चाललं, कारण त्यामुळे एक मिनिटही वाया गेलं नाही. पण निर्णय आकड्यावर ठेवला नव्हता, आणि तो ठेवायचाच नसतो. साधी स्वयंचलित यंत्रं या आजारात अनेकदा खरा दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. समजा १३८/८८ आलं असतं, तर घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडून गाडी परत पाठवली असती. लक्षणं पुरेशी होती. आकडा फक्त सोबत पाठवायचा होता.

दुकानाच्या लेटरहेडवर फार्मासिस्टनी जे लिहिलं ते असं:

"वय २४, पहिली खेप, ३३ आठवडे पूर्ण. चाकण येथे तपासणी, फाइल सोबत. दोन दिवस सतत डोकेदुखी, नजरेसमोर चमक, उजव्या बरगडीखाली दुखणे, पायांवर सूज. बीपी रात्री ८.५० ला १६४/१०८, ८.५६ ला १६२/११० (घरगुती यंत्र). लॅबेटालॉल १०० दिवसातून दोनदा, चार दिवसांपूर्वी संपली, त्यानंतर घेतलेली नाही. ॲस्पिरिन १५० रात्री, शेवटची काल रात्री. पॅरासिटामॉल ५०० आज तीन, शेवटची संध्याकाळी ५ ला. लोह व कॅल्शियम चालू. पूर्वी मायग्रेनसाठी एर्गोटामाइन घेत असे, या गरोदरपणात घेतलेली नाही, आज दिलेली नाही. दमा नाही. औषधाची ॲलर्जी माहीत नाही." खाली नाव, नोंदणी क्रमांक, फोन.

दम्याचा उल्लेख लॅबेटालॉलसाठी. दमा असलेल्या बाईला ती टाळतात, आणि इस्पितळात हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच.

पुढे

ग्रामीण रुग्णालयात पाऱ्याच्या यंत्रावर १७०/११० आलं, लघवीत प्रथिनं तीन प्लस. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी निफेडिपिन दिली, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. मग १०८ मधून जिल्हा रुग्णालय. मॅग्नेशियम सल्फेट ही स्वस्तातली जुनी गोष्ट आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांचा 'मॅगपाय' अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे पक्कं झालं. पण ते टोचायला बाई झटक्याच्या आधी दारात यावी लागते.

तीन दिवसांनी डोकेदुखी परत आली, रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, उतरू लागल्या आणि सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची, काही दिवस नवजात कक्षात. आईला झटका आला नाही.

त्या कागदाने इस्पितळात नेमकं काय केलं, हे विद्यार्थ्यांना मी मुद्दाम शोधायला लावतो. उत्तर बहुधा ॲस्पिरिनचं येतं: भूलतज्ज्ञांना शेवटची गोळी कधी घेतली ते कळलं. ते खरं, पण मोठी गोष्ट लॅबेटालॉलच्या ओळीत आहे. कागद नसता तर फाइलवर फक्त 'लॅबेटालॉल चालू' दिसलं असतं आणि समोर १७०/११०. कोणताही डॉक्टर समजला असता की औषध लागू पडत नाही, आणि दुसरं जोडलं असतं. खरी गोष्ट ही की औषध अपुरं पडलं नव्हतं, ते पोटात गेलंच नव्हतं. सिव्हिलमध्ये त्यांनी तीच गोळी परत सुरू केली आणि मात्रा वाढवत नेली. 'काय लिहून दिलंय' आणि 'काय घेतलं जातंय' यातली दरी इस्पितळातल्या कुणालाही रात्री दहा वाजता मोजता येत नाही. ती मोजता येते फक्त तिथे, जिथे पट्ट्या विकल्या जातात.

हरकती

या प्रकरणावर दुकानदार मंडळींच्या दोन हरकती ठरलेल्या. पहिली, दिवसाला दीडशे गिऱ्हाइकं, कुणाकुणाला विचारत बसायचं? सगळ्यांना नाहीच विचारायचं. वेदनाशामक, प्रेशर, फिट, थायरॉइड, मुरुमांच्या गोळ्या, अशी ठरावीक औषधं आणि पंधरा ते पंचेचाळीस वयाची बाई, एवढंच जुळलं की एक वाक्य: "ही गोळी पोटुशी बाईला चालत नाही, म्हणून विचारते." असं विचारलं की चौकशी केल्यासारखं वाटत नाही, आणि लग्न न झालेल्या मुलीलाही उत्तर देणं किंवा गोळी न घेता परत जाणं सोपं जातं.

दुसरी हरकत, हे आमचं काम आहे का? १९४८ चा फार्मसी कायदा आणि २०१५ ची फार्मसी प्रॅक्टिस नियमावली वाचली तर रुग्णाशी बोलणं, त्याच्या औषधांची माहिती घेणं आणि समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामातच येतं. निदान करणं येत नाही. या फार्मासिस्टनी निदान केलं नाही, शंका घेतली आणि ती लिहून पुढे पाठवली. त्यांचं त्या रात्रीचं बिल मात्र शून्य झालं. गॅसचं औषधही विकलं गेलं नाही. या कामाचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न खरा आहे, आणि नियमावलीतल्या शब्दांनी तो सुटत नाही. आशाताईंना गरोदर बाईमागे मोबदला आहे, फार्मासिस्टला नाही. सरकारला माहेरपणाच्या या पट्ट्यात खरंच लक्ष घालायचं असेल तर मेडिकल दुकानांना संदर्भ-चिठ्ठीमागे काही देणं हा मला विचार करण्याजोगा मार्ग वाटतो.

आणि आता या प्रकरणातली कमतरता. शनिवारी रात्री जे झालं त्याचं कौतुक करताना एक नोंद सुटते. दहा दिवस आधी याच बापाने याच दुकानातून मुलीसाठी कॅल्शियमच्या दोन पट्ट्या नेल्या होत्या. दुपारची वेळ, काउंटरवर कामाचा पोरगा. कॅल्शियम कुणासाठी, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर 'गरोदर मुलगी, माहेरी आलीय' कळलं असतं. 'बाकी काय चालू आहे' असं पुढे विचारलं असतं तर लॅबेटालॉलचं नाव निघालं असतं. तेव्हा तिच्याकडे सहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या. बीडच्या होलसेलरकडून दुसऱ्या दिवशी पट्टी आली असती. ओघात हेही कळलं असतं की ती लोह आणि कॅल्शियम रात्री एकत्र गिळते आहे, आणि लोह त्यामुळे नीट शोषलं जात नाही. सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून रोज साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम दोनदा मिळतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं असतं, आणि कॅल्शियम जेवणासोबत. हे गोळी देणाऱ्याने सांगायचं. ते सांगायला अर्धं मिनिट पुरतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात बहुतेक वेळा बाकी सगळं आपोआप बाहेर येतं. प्रेशर तरीही वाढलं असतं का? कदाचित हो. गोळी आजार थांबवत नाही, दाब आटोक्यात ठेवते. पण मुलगी आकडा पाहून, दिवसाउजेडी, ठरवून इस्पितळात गेली असती.

त्या दुकानाने यानंतर दोन गोष्टी बदलल्या. लोह, कॅल्शियम किंवा फॉलिक ॲसिड गेलं की पोराने फार्मासिस्टना हाक मारायची. आणि लॅबेटालॉलच्या चार पट्ट्या ठेवायच्या, मुदत संपली तरी चालेल. दुसरी गोष्ट ऐकून इतर दुकानदार हसतात. चार पट्ट्यांची किंमत त्यांनी एकदा सणाच्या रोषणाईच्या खर्चाशी ताडून बघावी.

डिस्चार्जनंतरचं काम अजून चालू आहे. बाळंतपण झालं म्हणजे हा आजार गेला, असं घरात समजतात. पण प्रेशर बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा चढू शकतं आणि झटका नंतरही येऊ शकतो. म्हणून गोळी मध्येच बंद करायची नाही, हे फार्मासिस्टनी मुलीच्या आईला बसवून सांगितलं. आजीची टेल्मिसार्टन वेगळ्या डब्यात ठेवायला लावली. दुकानाच्या वहीत मुलीच्या नावापुढे दोन ओळी आहेत: दूध पाजते आहे तोवर एर्गोटामाइन बंद, मायग्रेन उठल्यास आधी प्रेशर मोजायचं, मगच पॅरासिटामॉल. आणि पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळताच, तिसरा महिना संपायच्या आत, ॲस्पिरिनसाठी डॉक्टरांकडे पाठवायचं.